बिरूची लढाई

गंगाखेडच्या स्टेशनावर मायनं माझ्या खांद्यावरची घोंगडी नीट केली आणि म्हणाली, "मामा सांगंल ते कर. आन् कुटं मारामारी दिसली की बाजूला व्हय."

गाडी यायची होती. राणीसावरगावाहून आम्ही दोघं पायी आलो होतो आणि परतीची वाट तिला एकटीला चालायची होती. परभणीला उतरायचं, तिथून मनमाडची गाडी, मनमाडला पुन्हा बदल आणि मग मुंबई, एवढं मला पाठ करून दिलं होतं. मुंबईत सखाराममामा सिनेमाच्या कंपनीची घोडी सांभाळायचा. त्याच्या हाताखाली एक माणूस पाहिजे होता. गाडी आली तशी माय रडली नाही. मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून आली होती, दिवस मावळायच्या आत पोचायचं होतं. गाडी हलायच्या आधीच ती वळली आणि चालू लागली. खिडकीतून मला तिची पाठ दिसली, तीही थोडाच वेळ.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितो आहे, आणि माझ्यासारखे जे निघाले, कुणी मुंबईला, कुणी पुण्याला, कुणी खाली हैदराबादेत, त्यांच्यासाठी. लिहायला मी इथल्या रात्रशाळेत शिकलो. तुम्ही भेटलात की एकच विचारता: तू सिनेमातल्या लढायांत काम केलंस, तुझी आवडती लढाई कोणती? मी काहीतरी गंमतीचं सांगून वेळ मारून न्यायचो. आज सरळ सांगतो.

माझी आवडती लढाई सिनेमातली नाही. ती इमामचाचाची. इमामचाचा आमच्या गावचा पिंजारी. दिवसभर कापूस पिंजायचा आणि दिवेलागणीला ओट्यावर बसून दखनी बोलीत गोष्टी सांगायचा. त्याच्या एका गोष्टीत एक जादूगार होता. त्याच्या फौजेला तलवार लागायची नाही, बाण लागायचा नाही. पण सैनिकाची सावली कापली की सैनिक पडायचा. शहजादा भर दुपारी लढायला जातो, तेव्हा सावल्या पायाखाली असतात, कापणार काय? म्हणून त्याला दिवस कलेपर्यंत नुसता मार खात उभं राहायचं असतं. चाचा तो मार असा सांगायचा, की ऐकताना आमचीच अंगं दुखायची. मग ऊन उतरायचं, सावल्या लांब व्हायच्या, आणि शहजादा एका घावात रांगच्या रांग आडवी करायचा.

माझा थोरला भाऊ बिरू आणि मी माळावर मेंढरं राखताना हीच लढाई खेळायचो. ऊन कललं की काठ्या घेऊन एकमेकांच्या सावल्यांवर तुटून पडायचं. ज्याची सावली कापली त्यानं मरायचं. बिरूला मरायला लय आवडायचं. छाती धरून तो तीनदा गिरकी घ्यायचा, पाणी मागायचा, मायला निरोप सांगायचा, मेंढरं कुणाला द्यायची ते सांगायचा, मग पडायचा. तेवढ्यात मेंढरं दुसऱ्याच्या ज्वारीत शिरलेली असायची आणि संध्याकाळी आम्ही दोघं खरा मार खायचो. माझे वडील आधीच वारले होते. मारायचं काम मायच करायची.

पुलिस ॲक्शनच्या आधीचा तो उन्हाळा आणि पावसाळा कसा गेला, हे त्या भागातल्या माणसाला सांगायला नको. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या फिरायच्या. माणसं दिवसा पिकात लपून बसायची. मेंढरांना लपवता येत नाही, त्यांना चरावंच लागतं. म्हणून बिरू आणि मी माळावर होतो. मी उतारावरच्या झऱ्याला पाणी आणायला गेलो होतो. वर पाहिलं तर घोड्यावरची माणसं मेंढरं हाकत होती. बिरू मध्ये उभा राहिला. हात जोडून काहीतरी सांगत होता, ते मला ऐकू आलं नाही. एकानं बरची, लांब दांड्याचा भाला, पुढं केली. घोड्यावरून वाकून, वाटेतलं झुडूप बाजूला करावं तशी.

बिरू ओरडला नाही. तो खाली बसला. जेवायला बसावं तसा, मांडी घालून. एक हात जमिनीवर टेकवला आणि मग हळूहळू डाव्या अंगावर कलंडला. घोडी त्याला वळसा घालून, हाती लागली तेवढी मेंढरं घेऊन गेली.

गावात पोचेपर्यंत त्याची लढाई झाली होती. म्हणजे लोकांनी ती करून टाकली होती. बिरूनं काठीनं दोघांना घोड्यावरून पाडलं, तिसऱ्यानं मागून घात केला, असं कुणीतरी म्हणालं आणि ते गावभर झालं. लोक मायला ते सांगायला यायचे. भ्यालेल्या गावाला त्यावेळी तसं काहीतरी लागतच होतं. माय ऐकून घ्यायची. मला तिनं काहीच विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही.

मग भारताची फौज आली, निजामाचं राज्य गेलं. आणि ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्या दारात माणसं जमू लागली. एका सकाळी आजूबाजूच्या गावांतले लोक कुऱ्हाडी घेऊन आमच्याकडं आले. बिरूचा बदला घ्यायचा म्हणून ते इमामचाचाच्या घराकडं निघाले. माय गोठ्यात होती. शेणाच्या हातांनीच ती गेली आणि चाचाच्या उंबऱ्यावर जाऊन बसली.

"माझ्या लेकाचं नाव घिऊन कुनाला हात लावू नका," ती म्हणाली. "त्येचं नाव माझं हाय."

ती मोठ्यानं बोलली नव्हती. लोक बराच वेळ उभे राहिले, मग पांगले. जाता जाता त्यांनी चाचाची कापूस पिंजायची धनुकली मोडली आणि कापसाच्या ढिगाला काडी लावली. दोन-तीन दिवसांनी चाचा बायकापोरांना घेऊन बैलगाडीत बसून गेला. मी वेशीपर्यंत गाडीमागं चाललो. तो माझ्याकडं पाहत होता. हैदराबादेत आहे असं पुढं ऐकलं. भेट कधी झाली नाही.

त्यानंतरच मायनं मला मुंबईच्या गाडीत बसवलं. मुंबईत मी घोड्यांच्या तबेल्यात राहिलो. तिथं माझी बोली ऐकून लोक हसायचे, म्हणून पहिलं वर्ष मी घोड्यांशीच जास्त बोललो. कंपनी जादूची पिक्चरं काढायची. उडते गालिचे, राक्षसाचे किल्ले, तारेला बांधलेले घोडे. पुठ्ठ्याच्या किल्ल्यावर हल्ला करायला नेहमी माणसं कमी पडायची. एकदा मास्टरनं, म्हणजे लढाया बसवणाऱ्यानं, तबेल्यातल्या सगळ्यांना सैनिकाचे कपडे घालून उभं केलं. आम्ही धनगर, काठी हातात खेळते. मास्टरच्या ते नजरेत भरलं आणि मी घोड्यांकडून फायटरांत गेलो.

फायटराचं मुख्य काम मरणं. मास्टर शिकवायचा: हात वर फेक, ओरड, गिरकी घे, मग पड, म्हणजे शेवटच्या बाकड्यावरच्या माणसालाही कळलं पाहिजे की तू मेलास. मला ते शिकवावं लागलंच नाही. बिरूचं माळावरचं मरण मी जसंच्या तसं करायचो, छाती धरून, तीन गिरक्या घेऊन. कॅमेरा लांब असायचा. रक्त म्हणून अंगावर काकवी ओतायचे, कारण पडदा काळा-पांढरा, रंग कुणाला दिसतोय? दिवसभर माशा घोंघावायच्या. मी दिवसातून कितीतरी वेळा मरायचो आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटायचं. तेवढा वेळ बिरू खेळात असायचा.

एका पिक्चरात मी किल्ल्याचा पहारेकरी होतो. नायक घोड्यावरून येतो आणि जाता जाता मला भाला मारतो. कॅमेरा अगदी तोंडाजवळ लावला होता. पत्र्याचं पातं अंगरख्याला लागलं मात्र, माझे गुडघे आपोआप दुमडले. मी मांडी घालून बसलो. हात टेकवला. डाव्या अंगावर कलंडलो. असं करायचं मी ठरवलं नव्हतं. उठलो तेव्हा मास्टर जवळ आला. मग म्हणाला, "यही रखो." बाकीचे फायटर माझ्या पाठीवर थाप मारत होते आणि मी तबेल्यात जाऊन घोड्याच्या अंगावर खरारा फिरवू लागलो.

ते पिक्चर लागलं त्या वर्षी मी घरी गेलो होतो. गंगाखेडला तंबूतला सिनेमा आला होता. आपल्या पोराचं पिक्चर आहे म्हणून गावानं गाड्या जुंपल्या. मायनं आयुष्यात सिनेमा पाहिला नव्हता. ती यायला तयार नव्हती, शेजारच्या बायकांनी तिला उचलूनच गाडीत बसवलं. कोणतं पिक्चर आहे ते मला तंबूशी पोचल्यावर कळलं. तोवर ती आत गेली होती. बायका एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला, मध्ये दोर. माझा चेहरा पडद्यावर आला तसं आमच्या गावानं शिट्ट्या वाजवल्या. मग भाला लागला. मी बसलो, कलंडलो, आणि शिट्ट्या थांबल्या. मी दोरापलीकडं पाहत होतो. अंधारात नुसती पदरांची रांग दिसत होती, त्यातली माय कोणती ते कळेना.

रात्रीच आम्ही परतलो. सकाळी ती शेळीची धार काढत होती. मी बाजूला उभा होतो. तिनं वर न बघता विचारलं, "बिरू असाच पडला व्हता का?"

"व्हय."

"काई बोलला?"

"न्हाई."

"मंग त्येनं कुनाला मारलं न्हाई."

"न्हाई माय. हात जोडले व्हते त्येनं."

तिनं धार पुरी काढली. भांडं उचललं. "बरं झालं," ती म्हणाली. "लोक सांगायचे, तवा मला वाटायचं, हे माझं पोरगं न्हवंच. आता माझं माझ्याकडं आलं." मग थोड्या वेळानं, चुलीपाशी बसल्यावर म्हणाली, "तू आता मरायचं काम करू नगंस. दुसरं काई देत असतील तर बग."

मी मुंबईला परत आल्यावर मास्टरला सांगितलं आणि घोड्यांकडं गेलो. तो चिडला, कारण जवळून मरणारा माणूस त्याला पुन्हा मिळाला नाही. पिक्चरं निघत राहिली, शहजादे किल्ले जिंकत राहिले, मी खरारा करत राहिलो. माय गेली तेव्हा निरोप उशिरा आला. मी पोचलो तेव्हा राख गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडून झाली होती. मेंढरं चुलत्यांनी नेली होती. घराला कुलूप लावायलाही काही कारण उरलं नव्हतं. त्यानंतर मला वाटलं, संपलं. मी हैदराबाद राज्यातून निघालो, मग मराठवाडा मुंबई राज्यात आला, मग महाराष्ट्र झाला. मी जिथून निघालो आणि जिथं पोचलो ते एकच राज्य झालं, आणि तरी मला जायला गाव उरलं नाही.

राज्य झालं त्या वर्षी गावानं बोलावलं. शाळेपुढं झेंडा होता, पोरं रांगेत बसली होती. गुरुजींनी बिरूची लढाई सांगितली. आता त्यानं पाच जणांना पाडलं होतं. मग त्यांनी मला बोलायला उभं केलं, बिरूचा भाऊ आणि सिनेमावाला म्हणून. मी पोरांकडं पाहिलं. म्हणालो, त्यानं कुणाला पाडलं नाही. तो मेंढरांसाठी हात जोडून उभा राहिला. त्यांनी बरची मारली. तो खाली बसला, मग कलंडला. त्याला वीस वर्षंही पुरी झाली नव्हती. एवढं बोलून मी बसलो. कुणी टाळी वाजवली नाही. गुरुजी खाली बघत होते. एक म्हातारा रागानं उठून गेला.

सगळे पांगल्यावर हौसाजी माझ्याशेजारी येऊन बसला. आमच्या गावातलाच माणूस, बिरूच्या वयाचा, कमी बोलणारा. बराच वेळ त्यानं तंबाखू मळली.

"त्या दिशी मी बांधाआड व्हतो," तो म्हणाला. "निवडुंगात. मीबी बगितलं."

"कुनाला बोलला न्हाईस?"

"कसं बोलनार. सगळे लढाई सांगायलते." त्यानं तंबाखू माझ्यापुढं धरली. "मरताना त्येनं तुह्याकडं बगितलं व्हतं. झऱ्याकडं. तुला दिसलं नसंल, तू लांब व्हतास."

मला दिसलं नव्हतं. आम्ही दोघं तिथं बसून राहिलो, पोरं झेंड्याखालची रांगोळी पायानं पुसत घरी गेली तरी.

आता मी वर्षातून एकदा जातो. घर पडलं आहे, तिकडं मी वळतही नाही. हौसाजीच्या दारात उतरतो. त्याची बायको भाकरी करते, आम्ही जेवतो, बिरूबद्दल फारसं बोलत नाही. बोलायची गरज नसते. मुंबईत कुणी विचारलं, गावाकडं कोण आहे, तर मी हौसाजीचं नाव सांगतो. नात्यातला का, म्हणतात. मी हो म्हणतो.