विनायक सरांची आदर्श समिती

विनायक सर प्रश्न विचारायचे आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत उत्तरही देऊन टाकायचे. पेणजवळच्या आमच्या जोह्यात ते पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही बाया गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना काचपेपर मारत होतो. "शाळा कुणाची? तुमचीच! पैसा कुणाचा? सरकारचा! चालवणार कोण? आमची संस्था!" एवढं बोलून त्यांनी स्वतःच मान डोलावली.

म्हणजे शाळा सरकारीच, फी नाही, पण नियम संस्थेचे. सरकारी तपासणीत मुलं अभ्यासात पुढे गेलेली दाखवायची. नाही दाखवली तर सरकार संस्थेकडून शाळा काढून घेणार. मला ते पटलं. माझी सुरेखा तिसरीत असूनही वजाबाकीत अडकायची, आणि जुन्या शाळेतले गुरुजी निम्मे दिवस पेणला मीटिंगला. विनायक सर मात्र भर पावसात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मुलांना घरून बोलावून न्यायचे. गणपतीच्या हंगामात त्यांनी शाळा सकाळची केली. हे खोटं कशाला म्हणू?

नियमाला पालक समिती हवी होती. सरांनी शोधून शोधून न बोलणाऱ्या तीन बाया घेतल्या, त्यात मी एक. पहिल्याच सभेत त्यांनी माझ्यापुढे शाईचं पॅड धरलं. मी चौथी शिकलेली. पण "मला सही येते" म्हणायची लाज वाटली, म्हणून अंगठा दिला. मग वर्षभर अंगठाच.

"आदर्श समिती!" सर पाहुण्यांना सांगायचे. "एकदाही वाद नाही."

तपासणीच्या आठवडाभर आधी त्यांनी रजिस्टर उघडं पुढे सरकवलं. "कुणाची हरकत? नाही! चला, करा अंगठे."

मला त्यात सुरेखाचं नाव दिसलं. अभ्यासात मागे असलेल्या पाच मुलांची नावं, आणि खाली, 'पालकांच्या इच्छेने शाळा सोडत आहेत.'

"काय गो, थांबलीस का?" शेजारी बसलेल्या समितीतल्या जनाबाईने विचारलं.

मी सगळं वाचून दाखवलं.

"आगो, यात माजा नातू पन हाय!"

सर दचकले. "वहिनी, तुम्हाला वाचता येतं?"

"व्हय. माजी इच्छा काय हाय, ती तुमच्या वहीत वाचली तवा कळली."

"ही मुलं तपासणीला बसली तर शाळा जाईल!"

"मग शिकवा त्यांना," जनाबाई म्हणाली. "आठवडा हाय अजून."

कुणीच अंगठा दिला नाही. पाचही मुलं बसली. सुरेखाची दोन गणितं चुकली, एक बरोबर आलं. शाळा राहिली, पण शेरा वाईट पडला, आणि संस्थेने सरांना रोह्याकडे नवी शाळा उघडायला पाठवलं.

पुढे एकदा ते पेणच्या एसटी स्टँडवर भेटले. सुरेखाची चौकशी केली, तिच्यासाठी खिशातून नवी पेन्सिल काढून दिली. मग खुशीत म्हणाले, "तिकडची समिती फार छान आहे. साध्या बाया. एक शब्द बोलत नाहीत."

तेवढ्यात त्यांची गाडी लागली. त्या बायांना निरोप धाडावा असं फार वाटलं, पण रोह्यात माझ्या ओळखीचं कुणीच नव्हतं.