टेकायला पायरी नसलेली कॉलनी

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय.

आमचं घर पेठेत आहे. दादाला ते विकून गावाबाहेर, कसबा बावड्याच्या पुढं बंगला घ्यायचाय. आज तो आम्हाला बंगला दाखवायला घेऊन गेला.

आईचे गुडघे गेलेत. तरी पेठेत ती रोज चालत भाजी आणते, कारण वाटेत दिसेल त्या पायरीवर टेकते. कोणी पाणी देतं, कोणी "म्हातारे, अजून हायस व्हय?" म्हणून चिडवतं.

दादा एजंटशी बोलत होता, तेवढ्यात आई कॉलनी बघायला निघाली. थकल्यावर सवयीनं एका बंगल्याचं फाटक उघडून पायरीवर बसली. मी पोचलो तेव्हा घरातल्या बाई विचारत होत्या, "कुणाकडं आलाय?"

"कुणाकडं न्हाई बाई, जरा टेकलोय."

"मग भाईर बसा की."

बाहेर नुसत्या कुंपणाच्या भिंती. आई रस्त्यावर उभीच राहिली.

परतताना दादा म्हणाला, "अगं, कुठं जायचं तर गाडी हाय की!"

"तू गाडी घिऊन कामावर गेल्यावर मी कुठं जायचं?"

तरी संध्याकाळी त्यानं एजंटला होकार कळवला. मी भांडायला उठलो, तर आईनंच हात धरून बसवलं. "भांडू नगासा. ऱ्हाईन की."

ज्या वस्तीत म्हातारं माणूस चालत चार घरं जाऊ शकत नाही, तिला मी मोकळ्या हवेची कोठडी म्हणतो.

उद्या एखादी अनोळखी म्हातारी तुमच्या पायरीवर टेकली, तर तुम्ही आधी पाणी विचाराल की नाव?