आबांच्या आवाजाचा मेन्यू

आबांचं स्वरयंत्र काढायचं ठरलं तेव्हा मी मिरजेच्या डॉक्टरांना "बरं" म्हणाले आणि पर्समध्ये पार्किंगची पावती शोधायला लागले. गळ्याला पुढून कायमचं छिद्र राहील, श्वास तिथून घ्यावा लागेल आणि बोलणं बंद होईल, असं ते समजावून सांगत होते. मला सगळं कळत होतं, वाटत मात्र काहीच नव्हतं. आई बाहेरच्या बाकावर पदराला डोळे पुसत होती. मी तिच्या शेजारी बसून ऑफिसचे मेसेज वाचले, दोघांना उत्तरंही दिली.

मी साताऱ्यात राहते. घरी बसून एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. आईवडील म्हसवडच्या पलीकडे, वस्तीवर. आबांचा जन्म मेंढरांमागं गेला आणि त्यांचा सगळा कारभार तोंडावर चालायचा. ओढ्याच्या या काठावरून त्यांनी हाळी दिली की पलीकडची मेंढरं माना वर करायची, आणि माणसंही. आता त्या माणसाला पाणी हवं असलं तर तो मागणार कसं, कुठं दुखलं तर सांगणार कसं, हा प्रश्न होता. दवाखान्याने पाटी-पेन्सिल सुचवली. आबा चौथीपर्यंत शिकलेले, वाचतात हळूहळू, पण शिकलेल्या माणसांसमोर लिहायची त्यांना लाज वाटते. फोनच्या काचेला त्यांची बोटं कळतच नाहीत, इतकी ती राठ झालीत. माऊस हातात दिला तर ते तो उचलून बघतात. बटण दाबणं मात्र त्यांना पटतं. विहिरीवरच्या मोटरचं बटण त्यांनी आयुष्यभर दाबलंय.

म्हणून मी कपाटातला जुना लॅपटॉप काढला. मेमरी इतकी कमी की नेहमीचा डेस्कटॉप उघडेपर्यंत चहा निवायचा. मी ते सगळं पुसून साधं लिनक्स टाकलं, चिन्हं नाहीत, खालची पट्टी नाही, काही नाही. फक्त एक मेन्यू. वर एक रिकामी ओळ, तिच्याखाली यादी. कळफलकावर एक अक्षर दाबलं की यादी आखडते आणि त्या अक्षराने सुरू होणाऱ्याच ओळी उरतात. हवी ती ओळ पिवळी झाली की एंटर दाबायचं, आणि आबांच्याच आवाजात ते वाक्य वाजायचं. मेन्यू बंद झाला की लगेच परत उघडेल अशी सोय केली. हे सगळं मी कामासारखं केलं, आणि काम मला चांगलं येतं.

पहिला मेन्यू इंग्रजीत छान चालत होता, पण मराठीत त्याच्या वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायच्या आणि जोडाक्षरं सुटी पडायची. आबांना तसंही वाचायला वेळ लागतो, त्यात हे. मी तो काढून जरा जड पण देवनागरी नीट काढणारा दुसरा बसवला. अक्षर मोठं केलं. एका वेळी पाचच ओळी दिसतील असं केलं. कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले. आणि यादीत नाही ते स्वीकारू नकोस, अशी सूचनाही मेन्यूच्या फाईलमध्ये लिहिली, कारण नवशिक्याच्या हातून काहीही दाबलं जातं. ही सूचना मी नेहमीच लिहिते.

मग आबांचा आवाज भरून घ्यायला वस्तीवर गेले. दुपार होती. आबांनी धुतलेला पटका बांधला आणि फोटोला बसतात तसे खाटेवर ताठ बसले. त्यांचा आवाज आधीच बसला होता, घासल्यासारखा येत होता.

"आबा, म्हणा, पाणी दे."

"कुणाला?"

"कुणाला न्हाई. नुसतं म्हणा."

"नुसतं कसं म्हनू? तान लागली न्हाई मला."

"आवं, मशीनसाठी म्हणायचंय."

त्यांनी मशीनकडे बघितलं, मग आईकडे, आणि आईला म्हणाले, "पाणी दे." आईने उठून तांब्या आणून दिला. ते प्यायले. आवाज छान भरला गेला होता. यानंतर प्रत्येक वाक्याला असंच झालं. पंखा बंद कर म्हटलं की आई पंखा बंद करायची. पाय चेप म्हटल्यावर तिने खरोखर त्यांचा पाय मांडीवर ओढून घेतला. "आगं ए" तर त्यांनी इतकं सरावानं म्हटलं की ती शेजारी बसलेली असून "काय वो?" म्हणाली. मला हसू यायला हवं होतं. मी फक्त प्रत्येक फाईलला नाव देत होते.

शेवटी मी म्हणाले, "आता म्हणा, दुकतंय."

आईने हातातल्या सुपल्यातलं धान्य निवडायचं थांबवलं.

"दुकत न्हाई तर कसं म्हनू?"

"नंतर दुकंल आबा. तवा लागंल."

"तवाचं तवा. आधीच तोंडातनं काढायचं न्हाई."

आईनेही त्यांचीच री ओढली. "तसलं कशाला बोलाय लावतीस गं? बोललं की पाठीमागं लागतं." आमच्याकडे हे असंच आहे. वाईट शब्द घडायच्या आधी उच्चारायचा नाही, आणि घडल्यावरही कुणी विचारलं तर बरं हाय म्हणायचं. विंचू चावलेल्या माणसाला विचारलं तरी तो आधी बरं हाय म्हणतो, मग खाली बसतो. मी जरा चिडून म्हणाले, मग दुसरं काय म्हणणार आहात ते तरी सांगा. आबांनी घसा खाकरला आणि ठणठणीत म्हणाले, "बरं हाय." सगळ्या यादीत ते वाक्य सर्वांत स्वच्छ भरलं गेलं. मी हट्ट धरला नाही. हट्टाला जोर लागतो, तो माझ्यात नव्हता.

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा मी मिरजेच्या त्या कॉरिडॉरमध्ये बसून निवडलेल्या ओळीचा पिवळा रंग गडद-फिका करत होते. आजूबाजूला इतर पेशंटची माणसं होती, कुणी जप करत होतं, कुणी डबा खात होतं. आईने माझ्या खांद्यावरून बघितलं आणि म्हणाली, "भंडाऱ्यासारकं दिसतंय." मग तिने पडद्याला हात लावून तो कपाळाला लावला. तिच्या हाताचा डाग पुसून मी ओळींमधलं अंतर वाढवलं.

आबा खोलीत आले ते नाकात नळी आणि गळ्यावर पट्ट्या घेऊन. मान हलवायला मनाई होती. शुद्ध नीट आल्यावर मी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवून त्यांच्यापुढे ओढला. त्यांनी प दाबलं, पाणी दे ही ओळ पिवळी झाली, एंटर दाबलं, आणि त्यांचाच आवाज खोलीत आला. ते दचकले. मग आईकडे बघत राहिले. तोंडाने पाणी प्यायला अजून बंदी होती, त्यामुळे पहिलंच मागणं पुरं करता आलं नाही. आईने ओला कापूस त्यांच्या ओठांवर फिरवला.

पुढचे दिवस मेन्यू चांगला चालला. फारच चांगला. सिस्टर विचारायच्या, "आजोबा, दुखतंय का?" आबा ब दाबायचे आणि लॅपटॉप ठणठणीत सांगायचा, "बरं हाय." डॉक्टर फेरीला आले की तेच. डॉक्टर हसायचे, माझ्याकडे वळून मशीनचं कौतुक करायचे. इतकं बरं आहे तर वेदनेचं औषध हळूहळू कमी करू, असंही म्हणाले. मी मान डोलावली. आबांचे ओठ पांढरे दिसत होते हे मला दिसलं होतं. दिसलेलं आत कुठंतरी पोचत नव्हतं, एवढंच.

एके दिवशी सकाळपासून "आगं ए" वाजत होतं. आई जवळ जायची, विचारायची, "काय पायजे?" आबा बाणाच्या कळीने यादी वरखाली करायचे आणि काहीच निवडायचे नाहीत. ती परत खिडकीशी जायची, की पुन्हा "आगं ए". ती कावली. "नुसतं हाका मारत्यात," ती म्हणाली. मी चहा आणायला खाली गेले.

परत आले तेव्हा आई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलेली. मेन्यूची यादी पूर्ण रिकामी होती. वरच्या ओळीत आबांनी स्वतः एकेक कळ शोधून लिहिलं होतं, दुकतय. ते एंटर दाबत होते. काही होत नव्हतं. यादीत नाही ते मेन्यू स्वीकारत नव्हता. पुसायची कळ त्यांना मी शिकवलेली नव्हती, त्यामुळे तो शब्द तसाच पडद्यावर अडकला होता. मला बघितल्यावर त्यांनी तळहात पडद्यावर ठेवून तो झाकला.

मी सिस्टरना बोलावलं. "दुखतंय त्यांना," मी म्हणाले, "खूप." त्यांनी डॉक्टरांना विचारून इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने आबांची मूठ सैल झाली.

ती ओळ यादीत घालायलाच हवी होती, पण ती बोलणार कोण? आई आल्यावर तिला म्हटलं, तू बोल. "मी न्हाई तसलं बोलायची," ती म्हणाली, आणि खरंच नाही बोलली. मग मी जिन्यात जाऊन फोनवर माझ्याच आवाजात भरलं. पहिल्यांदा ते रेल्वेची सूचना दिल्यासारखं आलं. पुन्हा भरलं, तसंच आलं. तिसरं तसंच ठेवून दिलं. आबांना दुकतंय ही ओळ दाखवली, त्यांनी ऐकली, डोळे मिटून घेतले. हरकत नाही असा मी त्याचा अर्थ घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई बेसिनपाशी पाठ करून त्यांचा रुमाल धूत होती. मी दाराशी औषधांची पिशवी घेऊन उभी होते. आबांनी द दाबलं, मग एंटर, आणि बोट गळ्याकडे नेलं.

"लय दुकतंय," माझा आवाज म्हणाला.

आई गर्रकन वळली, आबांकडे नाही, माझ्याकडे. हातातनं रुमाल बेसिनमध्ये पडला. "कुठं गं?" ती म्हणाली. "कुठं दुकतंय तुला?"

मला सांगायचं होतं की आई, ते मी नाही, आबा बोलतायत, सिस्टरना बोलाव. मी तोंड उघडलं. इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि दुखत होतं, सगळीकडे दुखत होतं, हे मला तेव्हा कळलं. शब्द बाहेर येईना. आई ओल्या हातांनी माझं तोंड चाचपत होती, ताप बघितल्यासारखं.

आबा आमच्याकडे बघत होते. त्यांनी तीच ओळ परत दाबली. या वेळी त्यांनी बोट गळ्याकडे नेलं नाही, माझ्याकडे केलं.