ढोल वाजताना ओटीवर बसलेल्या विमलबाई

डॉ. विमल दामले यांची आणि माझी पहिली भेट माझ्या खोटेपणाने झाली, हे गौरवग्रंथात लिहायला शोभत नाही. पण बाईंच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त संपादकांनी आठवणी मागितल्या आणि माझी पहिली आठवण हीच आहे. महाडला एका स्नेह्यांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बाई आठवड्यातून एकदा मुंबईहून येऊन बसत. मनाच्या आजाराच्या डॉक्टर, म्हणून लोक मागच्या दाराने येत. मीही मागच्या दारानेच गेलो. हायस्कुलातला इतिहासाचा शिक्षक, शिवाय आमच्या बौद्ध पंचायतीचा चिटणीस. खुर्चीवर बसलो आणि सांगितलं, "माझ्या धाकट्या भावाला त्रास आहे. तो मुंबईला असतो."

मला भाऊ नाही.

या भावाचा त्रास असा होता. शिमग्यात देवीची पालखी निघाली, ढोल घुमू लागला, की त्याचं अंग थरथरू लागे आणि घशातून नको तो हुंकार येई. पूर्वी आमच्या घरात देवीचं वारं आईच्या अंगात येत असे. मी लहान असताना आम्ही धम्म स्वीकारला, देव्हाऱ्यातले टाक सावित्री नदीत सोडले आणि आईने देवीचं नाव टाकलं. आणि व्यासपीठावरून अंधश्रद्धेवर तासभर तावातावाने बोलणारा मी दर फाल्गुनात पोलादपूरजवळच्या आमच्या घरात आतून कडी लावून, उशीत तोंड खुपसून पडत असे. आमच्या माणसांना कळतं तर चिटणीस ढोंगी ठरला असता. गावकीला कळतं तर "बघा, देवीनं काय सोडला नाय यांना" म्हणून हसण्यावारी गेलं असतं. दोन्हीकडून माझी शोभाच होती. शाळेत मुलांसमोर उभं राहायचीही मला लाज वाटू लागली होती.

बाईंनी भावाचं नावही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "ढोल सुरू होण्याआधी जास्त भीती वाटते की नंतर, एवढं भावाला विचारून याल का?" पुढच्या आठवड्यात मी उत्तर घेऊन गेलो. मग हे चालूच राहिलं. मुंबईतला भाऊ इतक्या झटपट उत्तरं कशी धाडतो, हा प्रश्न बाईंना कधी पडला नाही.

त्या खोलीत येणारे बहुतेक जण एक पाय मुंबईत आणि एक गावात ठेवून जगणारे. पोलादपूरच्या वरच्या वाडीतले एक गृहस्थ सुट्टीला घरी आले की त्यांची झोप उडे. मुंबईचा माणूस म्हणून घरचे त्यांना माजघरात वेगळी गादी घालून देत. बाईंनी विचारलं, "मुंबईत कुणाशेजारी झोपता?" तिथे गावकीच्या, म्हणजे गावच्या चाकरमान्यांच्या सामाईक खोलीत माणसाला माणूस लागून झोपायची त्यांची सवय. बाईंनी त्यांची गादी पडवीत भावांच्या मधे घालायला लावली. पुढच्या खेपेला ते गृहस्थ पुढच्या दाराने आले, तेही मोठ्याने हसत.

पण बाईंचा गौरव करायचा तर त्यांची चूकही सांगितली पाहिजे. त्यांनीच तशी ताकीद दिली आहे. शिमगा तोंडावर आला तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या माणसांच्या रीतीत याला काही उपाय असेलच ना? भावाने देवीपुढे एकदा नारळ ठेवला तर मनाला निरोप घेतल्यासारखं वाटेल."

मी ताडकन उठलो. "मी नारळ ठेवणार नाही! आमची रीत म्हणजे अजून तीच, असं वाटतं तुम्हाला? आम्ही ती नदीत सोडली, बाई. सोडली, हीच आता आमची रीत आहे."

भाऊ कुठल्या कुठे पळाला होता. बाईंनी तिकडे बोट दाखवलं नाही. त्यांचा चेहरा मात्र पार उतरला. "चुकले मी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला समजून घेते आहे अशा तोऱ्यात होते. लाज वाटते मला. तुमची हरकत नसेल, तर तुमच्या घरी येऊन आईंकडून ऐकेन म्हणते."

रविवारी बाई एस.टी.ने आल्या. ओळखीच्या डॉक्टर आहेत, एवढंच मी आईला सांगितलं आणि चहा करायला आत गेलो. आई ओटीवर वाल सोलत होती. बाई शेजारी बसून सोलू लागल्या आणि देव सोडले तेव्हा काय झालं ते विचारू लागल्या. आई आधी अभिमानाने बोलली. मग तिचा आवाज खाली गेला.

"देवी गेली गो बाय. पन अंगाला कोन सांगनार? ढोल वाजला का हात थरथरतात माजं. मी गोठ्यात जाऊन बसते. पोराला नको सांगू हां. मास्तर हाय तो. त्याला लाज वाटंल माजी."

चुलीपुढे मला सगळं ऐकू आलं. ती गोठ्यात, मी कडीच्या आत; एकाच घरात आम्ही दोघं इतकी वर्षं एकमेकांपासून लपत होतो! बाहेर येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती रडली, मीही रडलो.

मग बाई म्हणाल्या, "यात देवी नाही आणि वेडही नाही. तुम्ही सोडलंत ते विचाराने. अंग लहानपणी शिकलेलं इतक्यात विसरत नाही. तोवर एकेकट्याने नका थरथरू."

त्या शिमग्याला बाई पुन्हा आल्या. दार उघडं ठेवून आम्ही तिघं वालाचं सूप घेऊन ओटीवर बसलो. ढोल जवळ आला. आईने माझा हात धरला आणि दोघांचेही हात थरथरू लागले. पालखीमागच्या एकाने मान वळवून पाहिलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आत पळणार, तेवढ्यात बाईंनी सूप माझ्याकडे सरकवलं आणि मी कसेबसे वाल सोलू लागलो. ढोल लांब गेला. आई म्हणाली, "गेला रे. आता च्या टाक."

त्यानंतर थरथर कमी होत गेली, संपली नाही. लाजही संपलेली नाही. हे लिहितानाही कान तापले आहेत. पंचायतीतल्या माझ्या सहकाऱ्यांना हे प्रथमच कळेल आणि त्यांना काय वाटेल हे मला ठाऊक नाही.

विमलबाईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघे त्यांना साथ देवोत आणि आमच्या ओट्या चढायचं बळ त्यांना मिळत राहो. हा ग्रंथ निघेल तेव्हा शिमगा जवळ आलेला असेल. त्या दिवसांत ज्यांना आतून कडी लावून घ्यावी लागते, त्यांनी माझ्या ओटीवर यावं. लाज वाटत असेल तर ती घेऊनच यावं. मीही माझी घेऊन बसलेला असेन.