कांडीवरचा थर

बाबा गेल्यानंतर आज मी पहिल्यांदाच प्रयोगशाळेत आले. औषधाचे रेणू विजेवर घडवायचं आमचं काम. द्रावणात ग्रॅफाइटच्या दोन कांड्या बुडवून वीज सोडली, तर थोड्याच वेळात प्रवाह मंदावला. एका कांडीवर चिकट थर बसला होता. वीज एकाच दिशेने वाहत राहिली की असं होतं. मग कांडीपर्यंत काही पोचतच नाही.

“दिशा उलटसुलट करत राहा गं,” शेजारच्या टेबलावरून मेधाताई म्हणाल्या. “थर सुटेल.”

सुटला. मी नुसती बघत राहिले. बरं वाटायला हवं होतं.

“जेवलीस का?” त्यांनी विचारलं.

बाबा रोज दुपारी फोनवर एवढंच विचारायचे. मी “हो” म्हणून फोन ठेवायचे.

“नाही,” मी म्हणाले. मग उलट विचारलं, “तुम्ही?”