बाईंनी सांगितलेली माझी आई

"ही निळी साडी नको गं. ती हिरवी जुनी नेसून ये. पावण्यांना तीच बरी वाटती."

बाई असं म्हणाल्या तेव्हा मी मिशनच्या दवाखान्याच्या पायरीवर उभी होते. तीन वर्षांचं नर्सिंग पुरं करून आठवडाभरापूर्वी गावी येऊन तिथंच नर्स म्हणून लागले होते. निळी साडी शिकताना मिळणाऱ्या पैशातून घेतलेली. इस्त्री मोडू नये म्हणून एसटीत मी ती पिशवी मांडीवर धरून आले होते.

मी घरी गेले. ट्रंकेतून हिरवी साडी काढली. काठाला दोन ठिगळं, पदर विरलेला. नेसले आणि परत आले. बाईंचं सगळंच ऐकायची सवय होती.

बाई म्हणजे परदेशातून आलेल्या मिशनरी डॉक्टर. आमचं गाव राधानगरीच्या बाजूला. मी दहा वर्षांची असताना बाई आणि त्यांचे साहेब तिथं राहायला आले. साहेब विहिरी आणि शेळ्यांचं बघायचे, बाई बायका-पोरांचं. बाई कोल्हापुरी बोलायच्या, अगदी आमच्यासारखं. "काय गं, जेवलीस न्हवं?" असं दारातून ओरडायच्या. बाजारात वांगी विकणारीशी हुज्जत घालायच्या. ओवी ऐकली की अर्थ विचारायच्या नाहीत, हसायच्या. म्हणजे कळायची. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

माझी आई सुईण. आमची वस्ती गावाबाहेर, पण गावातलं मूल आईच्याच हातात यायचं. पाटलांचं असो, लिंगायताचं असो, जैनाचं असो. आईला मागच्या दारानं आत घ्यायचे. मूल झालं की आईच्या हातांनीच घाण काढून घ्यायची, आणि मग वरून पाणी ओतायचं तिच्या ओंजळीत, भांड्याला हात लागू द्यायचा नाही. मोबदला म्हणून सूपभर जोंधळं आणि जुनं लुगडं. मी लहानपणी आईबरोबर जायची, घरामागच्या परड्यात बसायची. ते वरून पडणारं पाणी मी पाहिलंय.

बाई आल्या तेव्हा त्यांना कुणी उंबऱ्याच्या आत घेईना. गोरी बाई, धर्म बाटवील म्हणून. आईनं त्यांना नेलं. घरोघरी. "माझ्यासंगं हाय," म्हणायची. मागच्या दारानं का होईना, आईबरोबर बाई आत शिरल्या. बाईंनी आईला ब्लेड उकळायला शिकवलं, आईनं त्यांना बाळंतीण कुठं दुखतं म्हणते आणि कुठं दुखत असतं ते शिकवलं. आणि बाईंनी आईला आपल्या घरात पुढच्या दारानं घेतलं. टेबलावर बसवून चहा दिला. कपबशीत. पुढं आम्ही सगळ्यांनी बाप्तिस्मा घेतला. लोक म्हणाले दुधाच्या पावडरीसाठी घेतला. आम्ही त्या कपबशीसाठी घेतला.

दोन वर्षांनी बाईंचं बाळंतपण. कोल्हापूरला जायचं ठरलेलं, पण दिवस अगोदर भरले आणि नदीनं पूल घेतला. जीप अर्ध्यातून परत आली. बाईंची मुलगी आईच्या हातात जन्मली. नाळ गळ्याभोवती होती. आईनं सोडवली. मी दाराबाहेर होते, बाईंचं रडणं मी ऐकलं. "आई गं" असं रडत होत्या, मराठीत.

आता जानेवारीचं सांगते. दर जानेवारीला परदेशातून पाहुणे यायचे, दहा-बारा जण. तिकडच्या चर्चची माणसं, ज्यांच्या मदतीवर इथलं काम चालायचं. उसाच्या गाड्या बिद्रीच्या साखर कारखान्याला जायला लागल्या की समजायचं, पाहुणे आले. विहीर बघायचे, शेळ्या बघायचे, आणि शेवटच्या दिवशी दवाखान्याच्या मागच्या शेडमध्ये साक्ष. म्हणजे कुणीतरी उभं राहून आपलं आयुष्य कसं पालटलं ते सांगायचं. सोळाव्या वर्षापासून ते मी सांगायची. मी मराठीत बोलायची, बाई इंग्रजी करायच्या. आई पहिल्या ओळीत खुर्चीवर.

मी आईबद्दलच बोलायची. पाहुण्यांचे डोळे भरायचे. बायका उठून मला मिठ्या मारायच्या, आईचा हात धरायच्या. सात वर्षं मी हे बघितलं. सात वर्षं मला वाटायचं, माझी आई किती मोठी आहे हे साता समुद्रापलीकडच्या माणसांना कळलं. गावाला कळलं नाही, यांना कळलं. मी त्या मिठ्यांवर जगायची.

मग बाईंनीच मला नर्सिंगला पाठवलं. त्या तीन वर्षांत जानेवारीत सुट्टी मिळाली नाही. तिथं पुस्तकं इंग्रजीत. पहिल्या परीक्षेत नापास झाले, दुसऱ्यांदा बसले. शब्दकोश फाटेपर्यंत वापरला. तीन वर्षांत इंग्रजी वाचता यायला लागलं, ऐकलेलं कळायला लागलं, बोलताना मात्र अडखळायची. बाई माझ्याशी कायम मराठीतच बोलत. माझ्या कानात काय शिरलंय हे त्यांनी कधी विचारलं नाही.

तर त्या जानेवारीत मी हिरव्या साडीत उभी राहिले. पहिलं वाक्य बोलले. "माझी आई या भागातली सुईण."

बाई इंग्रजीत म्हणाल्या, "हिची आई इथली सुईण होती. तिच्या घाणेरड्या हातांनी कित्येक बाळं मेली."

मला वाटलं आपल्याला इंग्रजी येत नाही. मनापासून तसं वाटलं. चुकीचं शिकलोय, असं.

मी पुढचं बोलले. "बाईंना कुणी घरात घेत नव्हतं. आईनं त्यांना घरोघरी नेलं."

बाई म्हणाल्या, "ही बाई आम्हाला गावात शिरू देत नव्हती. आम्ही वर्षानुवर्षं प्रार्थना केली. शेवटी तिचं मन वळलं आणि तिनं ते अंधारातलं काम सोडून दिलं."

सोडून दिलं. त्याच आठवड्यात आई एका बाळंतिणीकडं दोन रात्री जागून आली होती.

बाईंचं मराठी कच्चं असतं तर मी माफ केलं असतं. घाईत चुकलं म्हणाले असते. पण ज्या बाईला ओवी कळते तिला माझी दोन सरळ वाक्यं कळली नाहीत?

शेडमधले सगळे हळहळत होते. तेवढ्यात एक पिकल्या केसांच्या पाहुण्याबाई उठल्या. आईसमोर गुडघ्यावर बसल्या. आईचे दोन्ही हात हातात घेतले, उलटे केले, तळवे बघितले, आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. क्षमा, एवढा शब्द मी ऐकला. आईला वाटलं मान देतायत. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हसली. पुढचे दोन दात नसलेलं हसू.

ते हसू माझ्यानं बघवलं नाही. सात वर्षं ती असंच हसत होती. सात वर्षं मीच तिला त्या खुर्चीवर बसवत होते.

"दॅट इज नॉट व्हॉट आय सेड," मी म्हणाले.

मग इंग्रजीतच, मोडकंतोडकं, शब्द शोधत सांगितलं. माझी आई सुईण होती नाही, आहे. बाईंना गावात तिनंच आणलं. या हातांत बाईंची मुलगी जन्मली. नाळ गळ्यात होती. विचारा त्यांना.

सगळ्यांनी बाईंकडं बघितलं. बाई लाल झाल्या. मला मराठीत म्हणाल्या, "खाली बस. मागनं बोलू."

मागनं त्यांनी मला औषधांच्या खोलीत नेलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तिकडच्या लोकांना असंच ऐकायचं असतंय गं. आधी अंधार, मग उजेड. न्हाईतर मदत कशी येणार? तुझं शिक्षान त्यातनंच झालं की."

"माझ्या आईच्या नावावर?"

"तू मला लेकीसारखी हायेस."

"मग लेकीच्या आईला मारेकरी म्हणायचं?"

त्या रडल्या. मला त्यांची कीव आली नाही. फसवणूक परक्यानं केली तर राग येतो आणि जातो. ज्यानं कपबशीत चहा दिला त्यानं केली तर तो चहासुद्धा खोटा वाटायला लागतो. गावानं निदान पाणी वरून ओतलं, दिसेल असं ओतलं.

दुपारच्या उन्हात आम्ही मायलेकी चालत घरी निघालो. आई म्हणाली, "काय म्हनत हुती गं ती म्हातारी? हात बघत हुती माझं."

मी सगळं सांगितलं. पहिल्या जानेवारीपासूनचं. लपवलं नाही. आई ओढ्यापर्यंत चालत राहिली. मग थांबली.

"मेलेली पोरं मला ठावं हायती. एकेक घर सांगीन. रस्ता नव्हता, गाडी नव्हती, माझंबी चुकलं असंल. पर जगलेली किती, हे इचारलं का तिला कुनी?"

मी नाही म्हटलं.

"आनि तिची पोर?"

"ते त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं."

"बरं," आई म्हणाली. त्यानंतर ती बाईंच्या घरात पुढच्या दारानंही गेली नाही. बाळंतपणाला बोलावणं आलं की मात्र उठायची.

मी मिशनची नोकरी सोडली. सरकारी आरोग्य केंद्रात लागले. नवीन सुईणींना शिकवायची वेळ आली की आईला घेऊन जायची, आणि ती आली की सगळ्यांच्या आधी तिला खुर्ची द्यायला लावायची. काहींनी नाकं मुरडली. मुरडू दिली.

काही वर्षांनी बाई-साहेब कायमचे परत गेले. मग एक दिवस बाईंचं पत्र आलं. मराठीत, सुंदर अक्षरात. तिकडं त्यांच्या कामावर पुस्तक निघतंय, तुझी साक्ष लिहून पाठव. खाली लिहिलं होतं, "मी इंग्रजी करीन."

मी ती इंग्रजीतच लिहिली. शब्दकोश परत काढला. आईचं नाव, बाईंच्या मुलीचा जन्म, पुरात गेलेला पूल, उकळलेलं ब्लेड, मेलेली पोरं, जगलेली पोरं. सगळं. शेवटी लिहिलं की यातला एक शब्दही बदलायचा नाही, आणि सोबत निळ्या साडीतला माझा आणि आईचा फोटो जोडला.

त्यांनी ते छापलं नाही. मला माहीत होतं छापणार नाहीत. दर जानेवारीला मी त्याची एक प्रत पाठवते, त्याच पत्त्यावर. उत्तर येत नाही. न येऊ दे. माझ्या आईबद्दल ज्याला बोलायचंय त्यानं माझ्यासमोर उभं राहून बोलावं. हव्या त्या भाषेत बोलावं. मला कळतं.