खैरुनखालाचं माप

खैरुनखाला माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचीच नाही. डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरवायची. आष्टीजवळच्या आमच्या गावात बायकांच्या मयताला आंघोळ घालायचं, कफन बेतायचं काम तिच्याकडे. त्यामुळे ती दारात आली की बाया पदर सावरून गप्प बसायच्या. मी तर लग्न होऊन आले तेव्हापासून तिला टरकून होते.

पण धर्माचं इतकं सोपं करून सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. "गुडघं दुखतेत? खुर्चीवर बसून नमाज पढ. नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला पाणी न्हाई? सुक्या मातीवर हात मारून तोंडावरून फिरव. अल्लानं सूट दिलीय, तुमी कावून परत करता?"

एका वर्षी रमजान ऐन उन्हाळ्यात आला, मला सातवा महिना होता आणि मी हट्टानं रोजे धरत होते. सासू नको म्हणायची, पण मलाच कमीपणा वाटायचा. दोनदा चक्कर आली, पोटातलं हलणं कमी झालं, तरी मी कुणाजवळ ब्र काढला नाही.

एका दुपारी खाला आली. बटव्यातून हिरवा दोरा काढला, माझ्या टाळूपासून टाचेपर्यंत धरला आणि दातानं तोडला.

"खाला, हे काय?"

"माप. मागल्या रमजानात अशाच एका पोटुशीला धुतलं. व्हट लाकडावानी सुकलं व्हतं. लई हट्टी, तुज्यावानीच. रोजं मागनं भरता येतेत गं, जीव न्हाई."

रडत, तिला मनातल्या मनात शिव्या घालत मी तांब्याभर पाणी प्याले. घटकाभरानं पोटात लाथ बसली. खाला हसली नाही. दोरा बटव्यात टाकून निघून गेली.

माझी सना आता शाळेत जाते. भीती घालायची खालाची ती तऱ्हाच, असं मी सगळ्यांना हसत सांगायचे.

यंदा खाला गेली. आठ दिवस टँकर नव्हता. घरोघरी प्यायपुरतंच पाणी. आंघोळीवाचून कसं न्यायचं म्हणून बाया घुटमळल्या. मीच पुढे झाले. मातीवर हात मारून तिच्या तोंडावरून, हातांवरून फिरवले, तिनं शिकवलं होतं तसेच.

कफनासाठी तिची पेटी उघडली. घडी तयारच होती, वर हिरवा दोरा बांधलेला. खाला जेमतेम माझ्या खांद्याला लागायची. कापड तिच्या पायांखाली हातभर उरलं.

या अल्ला! ती भीती घालत नव्हती. त्या दुपारी तिनं खरंच बेतून ठेवलं होतं.

"जास्तीचं काप की," बाया म्हणाल्या. मला कात्री उचलवेना. तसंच गुंडाळलं, त्याच दोऱ्यानं पायाशी गाठ मारली आणि माझ्या कफनात खालाला पाठवलं.